जागा सांगितलीस, शंका किती मैलांची?

समुद्रावर ताऱ्यांवरून बोटीची जागा काढण्यासाठी मी वेध घेते, आणि त्या वेधांच्या वहीत डिसेंबरअखेरच्या एका संध्याकाळचे पान आहे. त्यावर मीनास्य, श्रवण आणि डेनेब या तीन ताऱ्यांच्या नोंदी आहेत. तिन्ही ताऱ्यांच्या स्थानरेषा नकाशावर ओढल्यावर जो त्रिकोण तयार झाला, त्याच्या बाजू दोन ते तीन सागरी मैलांच्या होत्या. किनाऱ्यापासून पाच दिवसांच्या अंतरावर असलेल्या एका लहान शिडाच्या बोटीवरून, एक हात दोराला अडकवून घेतलेल्या वेधांसाठी हा त्रिकोण मला उत्तमच वाटला. मी त्याच्या मध्यावर टिंब दिले, वेळ लिहिली आणि वही कप्तानांपुढे ठेवली. जीपीएसचा संच ते पेटीत बंद करून ठेवत आणि दिवसातून एकदाच, माझे काम पुरे झाल्यावर, उघडून पाहत. त्या संध्याकाळी आमची खरी जागा माझ्या टिंबाच्या पूर्वेला पावणेचार मैलांवर निघाली. ती त्रिकोणाच्या आत नव्हतीच, पण त्याच्या कोणत्याही कडेजवळही नव्हती.

खुल्या समुद्रात पावणेचार मैल काहीच नाहीत, असे मी म्हणाले. कप्तान शांतपणे म्हणाले, "जागा सांगितलीस. शंका किती मैलांची, ते सांगितले नाहीस." या एका वाक्याने माझ्या शिक्षणाचा पुढचा टप्पा सुरू झाला. खगोलीय नौकानयनाचा प्राथमिक अभ्यास उत्तर काढायला शिकवतो; त्या उत्तरावर किती विसंबायचे, हे शिकणे म्हणजे प्रगत अभ्यास, असे मी आज चार वर्षांनंतर म्हणेन.

ज्यांनी हा विषय कधी हाताळलेला नाही त्यांच्यासाठी मूळ कल्पना थोडक्यात सांगते. कोणत्याही क्षणी प्रत्येक ताऱ्याच्या नेमका खाली पृथ्वीवर एक बिंदू असतो आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला तो तारा अगदी खमध्यावर, म्हणजे डोक्यावर, दिसतो. त्या बिंदूपासून आपण जसजसे दूर जाऊ तसतसा तारा क्षितिजाकडे उतरतो, आणि हे उतरणे कोनाच्या एका मिनिटाला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, अशा हिशेबाने होते. सेक्स्टंट या कोन मोजण्याच्या यंत्राने ताऱ्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची कोनातली उंची, मोजले की त्या बिंदूपासूनचे आपले अंतर कळते; तो बिंदू त्या सेकंदाला कुठे होता, हे नॉटिकल अल्मनॅकमध्ये, म्हणजे खलाशांच्या पंचांगात, पाहता येते. एका ताऱ्यावरून एक रेषा मिळते, जिच्यावर आपण कुठेतरी असतो. दुसऱ्या ताऱ्याची रेषा तिला जिथे छेदते, तिथे आपली जागा.

ही रेषेची कल्पना मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण तिचा जन्मच शंकेतून झाला आहे. डिसेंबर १८३७ मध्ये थॉमस समनर हा अमेरिकन कप्तान खराब हवेत आयर्लंड आणि वेल्स यांच्यामधल्या सेंट जॉर्ज सामुद्रधुनीकडे जहाज आणत होता. ढगांच्या फटीतून थोडा वेळ सूर्य दिसला आणि त्याने वेध घेतला. पण गणितासाठी लागणारा अक्षांश त्याला खात्रीने ठाऊक नव्हता. म्हणून त्याने वेगवेगळे अक्षांश धरून तीनदा गणित केले. तिन्ही उत्तरे नकाशावर एकाच सरळ रेषेत आली आणि ती रेषा स्मॉल्स दीपगृहावरून जात होती. आपण रेषेवर नेमके कुठे आहोत हे माहीत नसतानाही त्याने जहाज त्या रेषेवरून हाकारले, आणि दीपगृह पुढे दिसले. ही रीत त्याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १८७५ मध्ये मार्क सेंट हिलेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने तिला आजचे सुटसुटीत रूप दिले: आपल्या अंदाजित जागेवरून तारा किती उंच दिसायला हवा ते गणिताने काढायचे, प्रत्यक्ष मोजलेल्या उन्नतांशांशी ताडून पाहायचे, आणि फरक जितक्या मिनिटांचा तितके मैल ताऱ्याच्या दिशेने किंवा त्याच्या उलट सरकून रेषा ओढायची.

प्रगत अभ्यास म्हणजे अवघड गणित, असा समज मी घेऊन आले होते. गणित जवळजवळ तेच राहते. गोलीय त्रिकोणाचे एक सूत्र, किंवा ते टाळायचे असेल तर छापील कोष्टके, एवढ्यावर सारे भागते. बदलते ते पाहणे. सेक्स्टंटवर वाचलेला प्रत्येक आकडा खऱ्या उन्नतांशांपर्यंत पोहोचण्याआधी अनेक दुरुस्त्यांतून जातो, आणि प्रत्येक दुरुस्तीत चुकीला शिरायला एक दार असते. ती दारे कुठे आहेत आणि प्रत्येकातून साधारण किती मैल आत येऊ शकतात, हे कळू लागले की अभ्यास खऱ्या अर्थाने पुढे सरकतो.

पहिले दार यंत्रातच आहे. सेक्स्टंटचे दोन आरसे एकमेकांना समांतर असताना मापपट्टीवर शून्य दिसायला हवे; सहसा ते दिसत नाही. ही शून्याची चूक, म्हणजे इंडेक्स एरर, तपासण्यासाठी मी प्रत्येक सत्राआधी यंत्र शून्याजवळ आणून समुद्राच्या क्षितिजाकडे धरते. आरशातले क्षितिज आणि थेट दिसणारे क्षितिज यांत पायरी दिसते. ड्रम, म्हणजे कोन बारकाईने बदलण्याची चकती, अगदी हळू फिरवत ती पायरी मिटवायची, दोन्ही तुकडे एकाच रेघेत आणायचे आणि मग आकडा वाचायचा. माझ्या यंत्रावर तो आकडा त्या डिसेंबरात शून्याच्या पुढे १.५ मिनिटे होता. यंत्र रिकाम्या हातानेच दीड मिनिट जास्त दाखवते, म्हणून प्रत्येक वाचनातून ते वजा करायचे. त्या संध्याकाळी मी ते मिळवले. चिन्हाची एवढीशी चूक. पण वजा करण्याऐवजी मिळवल्यामुळे प्रत्येक ताऱ्याचे उन्नतांश तीन मिनिटांनी वाढले आणि प्रत्येक रेषा आपापल्या ताऱ्याच्या दिशेने तीन मैल सरकली.

आता त्रिकोणाकडे परत येते, कारण खरा धडा तिथे आहे. पूर्वेकडे ढगांची भिंत असल्याने मी मोकळ्या आभाळातले तारे निवडले होते. मीनास्य नैर्ऋत्येच्याही अलीकडे, दक्षिणेकडे झुकलेला, श्रवण जवळजवळ नेमका पश्चिमेला आणि डेनेब वायव्येला. म्हणजे तिन्ही तारे आभाळाच्या एकाच अर्ध्या भागात होते. तिन्ही रेषा आपापल्या ताऱ्याकडे सारख्याच सरकल्यामुळे त्या सगळ्या पश्चिमेच्या बाजूला गेल्या, तिथे त्यांनी एक बऱ्यापैकी लहान त्रिकोण केला, आणि बोट मागे पूर्वेला राहिली. त्रिकोणाचा आकार मला विश्वास देत होता, पण तो विश्वास देण्याचा त्याला अधिकार नव्हता. लहान त्रिकोण एवढेच सांगतो की वेध एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात. ते सगळे मिळून एकाच बाजूला चुकले आहेत का, याबद्दल तो गप्प असतो.

हेच तीन तारे जर आभाळात साधारण १२० अंशांच्या अंतराने चहूकडे विखुरलेले असते, तर तीच तीन मैलांची चूक त्रिकोण मोठा करून गेली असती, पण खरी जागा त्याच्या मध्यावरच राहिली असती. चूक झाली आहे हे मोठ्या त्रिकोणाने ओरडून सांगितले असते आणि तरीही बोट कुठे आहे ते बरोबर दाखवले असते. म्हणून तारे निवडताना मी आता आधी दिशा पाहते, तेज नंतर. शक्य असेल तेव्हा चार तारे घेते, दोन-दोन समोरासमोरचे. उत्तरेच्या ताऱ्याची रेषा दोन मैल उत्तरेला ढकलली गेली आणि दक्षिणेच्या ताऱ्याची दोन मैल दक्षिणेला, तर त्या दोन समांतर रेषांच्या बरोबर मधली रेषा निर्मळ असते.

सगळे तारे एकाच बाजूला असण्याची वेळ आलीच, तर एक जुनी युक्ती आहे. प्रत्येक रेषेवर ताऱ्याच्या दिशेने लहान बाण काढायचा आणि दोन-दोन रेषांमधला कोन, बाणांच्या दिशा सांभाळून, दुभागायचा. सर्व वेधांत सारखीच चूक असेल तर हे दुभाजक खऱ्या जागेपाशी भेटतात, मग ती जागा त्रिकोणाच्या बाहेर का असेना. डिसेंबरच्या त्या पानावर मी नंतर हे दुभाजक काढून पाहिले. ते जीपीएसने दाखवलेल्या जागेपासून अर्ध्या मैलाच्या आत भेटले. त्या क्षणी मला झालेला आनंद अजून आठवतो, कारण उत्तर त्याच पानावर संध्याकाळपासून पडून होते आणि मला ते वाचता येत नव्हते.

अगदी काळजीपूर्वक, कोणतीही ठरावीक चूक न ठेवता वेध घेतले तरी त्रिकोणाच्या आत बोट असण्याची शक्यता किती? मी हा प्रश्न अनेक अनुभवी खलाशांना विचारला आणि बहुतेकांनी अंदाजाने तीन-चतुर्थांशाच्या आसपासचा आकडा सांगितला. खरे उत्तर एक-चतुर्थांश आहे. प्रत्येक रेषा खऱ्या जागेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला पडण्याची शक्यता सारखीच असते, म्हणजे तीन नाणी उडवल्यासारखे आठ प्रकार होतात, आणि त्या आठांपैकी दोनच प्रकारांत बोट त्रिकोणाच्या आत सापडते. उरलेल्या सहांत ती बाहेर असते. हे समजल्यापासून मी त्रिकोणाला जागा मानत नाही. मी त्याच्याभोवती एक वर्तुळ काढते आणि वर्तुळाची त्रिज्या वहीत लिहिते.

दुसरे दार क्षितिज. लहान बोटीवर डोळा पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उंच असतो आणि क्षितिज तीन मैलांपेक्षाही जवळ येते. आपण पाण्यापेक्षा उंचावर असल्याने दिसणारे क्षितिज खऱ्या आडव्या पातळीच्या थोडे खाली असते. दोन मीटर उंचीला हा उतार २.५ मिनिटांचा, तीन मीटरला सुमारे ३ मिनिटांचा. बोट लाटेच्या खळग्यात असताना समोर दिसते ती जवळच्या लाटेची कड, क्षितिज नव्हे, आणि तिच्यावरून मोजलेले उन्नतांश खऱ्यापेक्षा कमी भरतात. म्हणून वेध लाटेच्या माथ्यावर असतानाच घ्यायचा आणि डोळ्याच्या उंचीत लाटेच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा. ऐकायला सोपे आहे. माथ्यावरचा तो एक-दोन सेकंदांचा ठहराव ओळखून त्याच वेळी ड्रम थांबवणे हे मात्र पायांनी शिकावे लागते.

हवा आणि पाणी यांच्या तापमानात मोठा फरक असेल तर प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे क्षितिज वर उचलल्यासारखे किंवा खाली दबल्यासारखे दिसते आणि कोष्टकातला उतार खोटा ठरतो. पाणी हवेपेक्षा बरेच गरम असेल तर क्षितिज नेहमीपेक्षा खाली असते. डोळ्याला यातले काही कळत नाही, आणि म्हणूनच समोरासमोरचे तारे इतके मोलाचे. रात्री चंद्राच्या उजेडात तारे घ्यायचा मोह मला फार झाला. क्षितिज स्पष्ट दिसते असे वाटते. पण चंद्राखाली चमकणाऱ्या पाण्याची कड पुष्कळदा खऱ्या क्षितिजाच्या अलीकडे असते आणि तिच्यावरून घेतलेले उन्नतांश जास्त येतात. चंद्राच्या बाजूचे वेध मी आता वहीत घेते, पण त्यांच्यापुढे खूण करते आणि जागा काढताना त्यांना कमी वजन देते.

तिसरे दार घड्याळ. पृथ्वी चार सेकंदांत कोनाचे एक मिनिट फिरते, म्हणून चार सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक मैल. साधे क्वार्ट्झ घड्याळ या कामाला उत्तम चालते, मात्र ते केबिनमध्ये सारख्या तापमानात ठेवावे आणि दररोज रेडिओच्या वेळसंकेताशी ताडून त्याची चाल लिहून ठेवावी. माझे घड्याळ दिवसाला ०.३ सेकंद पुढे जाते. महिन्याला ९ सेकंद झाले, तरी चाल ठाऊक असेल तर ते नुकसान होत नाही. घड्याळ बरोबर नसले तरी चालते, ते नियमित हवे. (रेडिओची वेळ आणि पृथ्वीच्या प्रत्यक्ष फिरण्याची वेळ यांतही थोडा फरक असतो, पण तो ०.९ सेकंदाच्या आत राखलेला असतो, म्हणजे पाव मैलाहूनही कमी.) खरा धोका सेकंदांचा नसून मिनिटांचा आहे. एकदा अंदाजे २० अंश अक्षांशावर सकाळच्या सूर्याची रेषा माझ्या अपेक्षेपेक्षा १४ मैल बाजूला पडली, आणि तासभर शोधल्यावर कळले की मी सेकंद बरोबर वाचले होते, मिनिट एकाने चुकवले होते. तेव्हापासून वेध घेताच मी आधी सेकंद, मग मिनिट, मग तास असे मोठ्याने म्हणते आणि त्याच क्रमाने लिहिते.

या साऱ्या चुकांचे दोन स्वभाव आहेत. हात हलणे, लाट चुकणे, तारा क्षितिजाला टेकला असे अंमळ आधी वाटणे, या चुका कधी इकडे कधी तिकडे जातात आणि सरासरीने आटोक्यात येतात. शून्याची चूक, उताराची चूक, घड्याळाची चूक या मात्र एकाच बाजूला जातात. अशा वेधांची शंभरदा सरासरी काढली तरी त्या तशाच राहतात. पहिल्या प्रकारासाठी मी एका ताऱ्याचे तीन-चार मिनिटांत पाच वेध घेते आणि आलेखाच्या कागदावर वेळेसमोर उन्नतांश मांडते. थोड्या वेळापुरते हे पाचही बिंदू एका तिरप्या रेषेत यायला हवेत, आणि त्या रेषेचा उतार आपल्याला आधीच काढता येतो: १५ मिनिटे गुणिले अक्षांशाची कोज्या (कोसाइन) गुणिले दिगंशाची, म्हणजे ताऱ्याच्या दिशेच्या कोनाची, ज्या (साइन), दर मिनिटाला. १८ अंश अक्षांशावर नेमक्या पश्चिमेला असलेला तारा मिनिटाला १४.३ मिनिटे कोनाने उतरतो. त्या उताराची रेषा कागदावर सरकवत बिंदूंमध्ये बसवली की एखादा फसलेला वेध लगेच वेगळा पडलेला दिसतो, आणि बाकीच्यांतून मिळालेला आकडा एकट्या वेधापेक्षा साधारण दुप्पट भरवशाचा असतो.

संध्याकाळच्या ताऱ्यांचे काम दुपारीच सुरू होते, हे मला फार उशिरा उमगले. तारे दिसायला लागलेले आहेत आणि क्षितिजाची रेघ अजून पुसलेली नाही, असा वेळ उष्ण कटिबंधात पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. त्या वेळात आभाळाकडे पाहत तारा ओळखत बसलो तर वेळ निघून जातो. म्हणून मी दुपारी संधिप्रकाशाची वेळ काढते, निवडक ताऱ्यांच्या कोष्टकातून त्या वेळचे सात तारे पाहते, आणि प्रत्येकाचे अपेक्षित उन्नतांश व दिगंश पाटीवर लिहून ठेवते. कोष्टकात सातांपैकी तीन ताऱ्यांपुढे दिशांच्या दृष्टीने उत्तम म्हणून खूण केलेली असते. सूर्य मावळल्यावर सेक्स्टंट आधीच त्या उन्नतांशांवर लावायचा, होकायंत्राने दिशा धरायची आणि दुर्बिणीतून क्षितिजाच्या काठावर पाहायचे. नुसत्या डोळ्यांना आभाळ अजून कोरे दिसत असते, पण दुर्बिणीत क्षितिजाच्या किंचित वर एक थरथरता ठिपका सापडतो. तो सापडला की मनगट अलगद डावी-उजवीकडे झुलवायचे. तारा पाण्यावर एक उथळ कमान काढतो, आणि त्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू क्षितिजाला निसटता स्पर्श करील इतका ड्रम फिरवायचा. पूर्वेकडचे तारे आधी घ्यायचे, कारण तिथले क्षितिज आधी अंधारते. बोट सहा नॉट, म्हणजे ताशी सहा सागरी मैल, वेगाने जात असेल तर पहिल्या आणि शेवटच्या वेधातल्या बारा मिनिटांत ती १.२ मैल पुढे जाते, म्हणून सुरुवातीच्या रेषा तेवढ्या पुढे सरकवून सगळ्या एकाच क्षणावर आणाव्या लागतात.

दिवसा फक्त सूर्य असतो, असे पुष्कळांना वाटते. चंद्र पहिल्या किंवा शेवटच्या चतुर्थांशाच्या आसपास असताना सूर्याच्या रेषेला तो चांगल्या कोनात छेद देतो आणि भर दिवसा जागा मिळते. चंद्र जवळ असल्यामुळे त्याची पराशय दुरुस्ती, म्हणजे पृथ्वीच्या मध्याऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याने पडणाऱ्या फरकाची दुरुस्ती, जवळजवळ एक अंशापर्यंत जाते. कोष्टकात एक ओळ चुकली तर रेषा कुठल्या कुठे जाते, म्हणून नवशिके चंद्राला घाबरतात. मला तो आता फार जवळचा वाटतो. शुक्रसुद्धा, त्याची जागा आधी काढून ठेवली तर, स्वच्छ आभाळात दिवसा दुर्बिणीत दिसतो. निळ्या आभाळात तो पांढरा ठिपका पहिल्यांदा सापडला तेव्हा मी वेध घ्यायचेच विसरले होते.

चांद्र अंतराची पद्धत मी प्रवासात वापरत नाही, पण तिचा सराव सोडलेला नाही. भरवशाची घड्याळे जहाजांवर पोहोचण्याआधी चंद्र आणि एखादा तारा यांच्यातला कोन मोजून खलाशी वेळ काढत. नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७६७ सालासाठी काढलेल्या पहिल्या नॉटिकल अल्मनॅकचा मोठा भाग याच कामाचा होता. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, म्हणून अंतर मोजण्यात एका मिनिटाची चूक झाली तर वेळेत दोन मिनिटांची आणि रेखांशात अर्ध्या अंशाची चूक होते. माझे बहुतेक प्रयत्न वेळेत पाऊण ते एक मिनिट चुकतात. तरीही मी ते करत राहते, कारण कोनाच्या मिनिटाचा दहावा भाग म्हणजे काय, हे हाताला यातून कळते तसे दुसऱ्या कशातूनही कळत नाही. किनाऱ्यावर सराव करायचा असेल तर पसरट थाळीत घट्ट द्रव ओतून त्यातले सूर्याचे प्रतिबिंब आणि खरा सूर्य यांतला कोन मोजावा. आधी शून्याची चूक काढून मग त्याचा अर्धा भाग घ्यायचा. क्षितिजाचा प्रश्नच येत नाही, आणि जे काही चुकते ते आपले आणि यंत्राचे असते.

शंका सांगण्याचे मोल मला सर्वांत अधिक जाणवले ते फ्रँक वर्स्ली यांच्या १९१६ मधल्या प्रवासाबद्दल वाचताना. अंटार्क्टिक मोहिमेचे नेते अर्नेस्ट शॅकलटन आणि वाट काढणाऱ्या वर्स्लींसह पाच सोबती 'जेम्स केअर्ड' या सुमारे सात मीटरच्या होडीतून एलिफंट बेटापासून साउथ जॉर्जियापर्यंत, सुमारे ८०० सागरी मैल, गेले. २४ एप्रिलला निघून १० मेला ते किनाऱ्याला लागले, आणि त्या साऱ्या दिवसांत वर्स्ली यांना सूर्याचे वेध चारदाच मिळाले. बेट जवळ आले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की जागा दहा मैलांच्या आत आहे अशी खात्री देता येणार नाही. बेट चुकले असते तर वारा त्यांना पलीकडच्या मोकळ्या महासागरात घेऊन गेला असता, म्हणून शॅकलटन यांनी वस्ती असलेल्या बाजूचा हट्ट सोडून नैर्ऋत्येचा निर्जन किनारा धरायचे ठरवले. त्या प्रवासातल्या वेधांचे कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या दहा मैलांच्या कबुलीचे कौतुक अधिक वाटते, कारण होडीची वाट तिच्यावरून ठरली.

गेल्या वर्षीच्या प्रवासात शेवटच्या संध्याकाळी मला ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य आणि वायव्य अशा चारही बाजूंचे तारे मिळाले. त्यांच्या चौकोनावरून मी वेधातली शंका दीड मैलाची धरली. तिथून दीपगृह दिसेपर्यंत साधारण नऊ तासांची, पन्नास मैलांची वाट होती. ती होकायंत्र आणि वेग यांच्या अंदाजाने चालायची, म्हणून तिच्यात पाच टक्के, म्हणजे अडीच मैल शंका धरली. या दोन शंका एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले: जवळजवळ तीन मैल. दीपगृहाचा दिवा समुद्रसपाटीपासून ६४ मीटर उंच होता, माझा डोळा दोन मीटरवर, म्हणजे दिवा साडेएकोणीस मैलांवरून क्षितिजाच्या वर यायला हवा होता. साडेपाच नॉट वेगाला तीन मैल म्हणजे सुमारे ३३ मिनिटे. मी वहीत लिहिले: दिवा पहाटे २:५० ते ३:५५ च्या दरम्यान दिसेल, शक्यतो ३:२२ ला.

कप्तानांनी ते वाचले, काही न बोलता वही परत दिली आणि झोपायला गेले. अडीचपासून पुढे ढगांच्या पोटावर मंद उजेडाची फेर धरलेली झळक दिसू लागली होती, पण दिवा स्वतः वर आला नव्हता. ३:३१ ला नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, थोडे डावीकडे पाण्याच्या कडेला एक बारीक ठिपका लागला आणि विझला. मी झोत मोजले, घड्याळावर त्यांची आवृत्ती तीनदा ताडून पाहिली, नकाशावरच्या दिव्याशी ती जुळली. मग खाली जाऊन लाल दिव्याच्या उजेडात त्या ओळीखाली ३:३१ हा आकडा लिहिला, त्याच्यापुढे ०.८ मैल असा फरक मांडला आणि कप्तानांना उठवले.